वैद्यकीय साहित्यशोध

वैद्यकीय साहित्यशोध : निदान, उपचार किंवा आजाराची पुढील वाटचाल यांविषयीच्या प्रश्नाला आधार देणारे संशोधन मेडलाइन, एम्बेस, कॉक्रेन सेंट्रल यांसारख्या डेटाबेसांतून पद्धतशीर धुंडाळण्याची क्रिया. पुराव्याधिष्ठित वैद्यकाची, म्हणजे संशोधनाच्या आधारे उपचार ठरवण्याच्या पद्धतीची, प्रश्न मांडल्यानंतरची ही दुसरी पायरी होय.

इतिहास : या पद्धतीचा आरंभ कोठून धरावा याविषयी एकमत नाही. ग्रंथालयशास्त्राचे अभ्यासक तो १८७९ पर्यंत मागे नेतात. त्या वर्षी जॉन शॉ बिलिंग्ज व रॉबर्ट फ्लेचर यांनी अमेरिकी लष्कराच्या सर्जन जनरलच्या ग्रंथालयातून ‘इंडेक्स मेडिकस’ ही सूची सुरू केली. संगणकीय शोधाचाच विचार करणारे १९६४ हे साल घेतात, कारण तेव्हा अमेरिकेच्या राष्ट्रीय वैद्यक ग्रंथालयाची मेडलार्स ही संगणकीय सूचियंत्रणा चालू झाली. मात्र मेडलार्समध्ये डॉक्टर स्वतः शोध घेत नसे. प्रश्न प्रशिक्षित विश्लेषकाकडे जाई, तो शोधसूत्र मांडी, चुंबकीय फितींवर अनेक प्रश्न एकत्र चालवले जात आणि छापील यादी बऱ्याच दिवसांनी हाती पडे. त्यामुळे आजच्या अर्थाने शोधाचा प्रारंभ संगणकाशी थेट जोडून शोध घेऊ देणाऱ्या १९७१ च्या मेडलाइनपासून मानणे अधिक सयुक्तिक दिसते. अर्थात १९६८ पासून न्यूयॉर्क राज्य विद्यापीठाच्या जाळ्यावर आणि १९७० मध्ये एआयएम-टीडब्ल्यूएक्स या टेलिटाइप (दूरमुद्रक) सेवेत असे प्रयोग झालेले होते. मेडलाइन व इतर काही नोंदी शोधण्याचे पबमेड हे संकेतस्थळ १९९६ मध्ये प्रायोगिक स्वरूपात आले आणि जून १९९७ पासून सर्वांना मोफत खुले झाले.

एफ. विल्फ्रिड लँकेस्टर यांनी मेडलार्सच्या सुमारे ३०० शोधांची तपासणी करून १९६८ मध्ये दिलेला अहवाल आजही मोलाचा आहे. सापडायला हवेत त्या लेखांपैकी सरासरी सुमारे ५८ टक्केच सापडत होते, आणि सापडलेल्यांपैकी सुमारे निम्मे उपयोगी होते. पहिल्या मापाला संवेदनशीलता व दुसऱ्याला अचूकता म्हणतात. एक वाढवू गेल्यास सहसा दुसरी घटते.

प्रश्नाची मांडणी : रुग्ण, उपचार, तुलना व परिणाम हे चार घटक वेगळे काढतात. १९९५ पासून रूढ झालेल्या या चौकटीला पिको म्हणतात. पण चारही घटक शोधसूत्रात घालणे ही नवशिक्याची नेहमीची चूक आहे. परिणामांचा उल्लेख सारांशात असेलच असे नाही, म्हणून तो घटक घातला की उपयोगी चाचण्या गळतात. एट्रियल फिब्रिलेशनच्या (हृदयाच्या अनियमित ठोक्यांच्या विकाराच्या) रुग्णांत पक्षाघात टाळण्यासाठी वॉरफरिन या रक्त गोठू न देणाऱ्या औषधाऐवजी त्याच कामाचे अपिक्साबान द्यावे का, या प्रश्नासाठी प्रथम ‘एट्रियल फिब्रिलेशन’ व ‘अपिक्साबान’ हे दोनच घटक पुरतात. पक्षाघात व वॉरफरिन यांची पडताळणी लेख वाचताना करावी.

शोधसूत्र : प्रत्येक घटकासाठी दोन प्रकारचे शब्द लागतात. एक, मेश या नियंत्रित शब्दसंग्रहातील विषयशीर्षक. दुसरे, शीर्षक व सारांशात लेखकांनी वापरलेले मोकळे शब्द. मेश १९६० मध्ये प्रसिद्ध झाले, त्याची पूर्वपीठिका १९५४ च्या शीर्षकयादीत आहे. त्याची रचना उतरंडीची असून पबमेडमध्ये वरचे शीर्षक घेतले की खालची उपशीर्षके आपोआप येतात. इतर काही प्रणालींत तशी आज्ञा स्वतः द्यावी लागते. नुसत्या मेशवर विसंबल्यास अद्याप शीर्षके न लागलेल्या आणि मेडलाइनबाहेरच्या नोंदी हुकतात. नुसत्या मोकळ्या शब्दांवर विसंबल्यास वेगळा प्रतिशब्द किंवा ब्रिटिश वळणाचे स्पेलिंग वापरणारे लेख हुकतात. एका घटकातील सर्व शब्द ‘ऑर’ने जोडून कंसात ठेवावेत आणि मग कंस ‘अँड’ने जोडावेत. कंस विसरल्यास पबमेड सूत्र डावीकडून उजवीकडे सोडवत जाते आणि अर्थच बदलतो.

शब्दाच्या शेवटी तारांकन दिले की त्याची सर्व रूपे येतात. त्यापूर्वी निदान चार अक्षरे हवीत. पण ‘कार्ड’वर तारांकन दिल्यास ‘कार्डिॲक’बरोबर ‘कार्डबोर्ड’ही येते. तारांकन किंवा अवतरणचिन्हे वापरली की पबमेडची शब्दांची आपोआप जुळणी (दिलेल्या शब्दाला संबंधित मेश शीर्षक जोडण्याची सोय) थांबते, हे अनेकांच्या लक्षात येत नाही. अवतरणातील शब्दसमूह पबमेडच्या सूचीत नसेल, तर ती चिन्हे दुर्लक्षिली जातात. म्हणून ‘शोधतपशील’ उघडून यंत्रणेने प्रत्यक्ष काय शोधले ते दर वेळी पाहावे.

गाळण्या : निकाल मर्यादित करणाऱ्या गाळण्यांपैकी (फिल्टरांपैकी) ‘फक्त मानव’ ही गाळणी सर्वांत घातक. शीर्षके न लागलेले ताजे लेख तीत निमूट गळतात. त्याऐवजी ‘ज्यावर प्राणी हे शीर्षक आहे पण मानव नाही’ अशा नोंदीच ‘नॉट’ने वगळाव्यात. ‘यादृच्छिक नियंत्रित चाचणी’ (रुग्णांचे गट चिठ्ठ्या टाकल्यासारखे पाडून केलेली तुलना) हा नोंदीवर लावायचा प्रकाशनप्रकार १९९१ मध्ये आला. जुन्या चाचण्यांना तो कॉक्रेन या आढावे तयार करणाऱ्या संस्थेच्या सहकार्याने मागाहून जोडला गेला, तरी त्यावर एकट्यावर भिस्त ठेवू नये. पबमेडच्या ‘क्लिनिकल क्वेरीज’मधील उपचारविषयक विस्तृत गाळणीची संवेदनशीलता ९९ टक्के व विशिष्टता (निरुपयोगी लेख वगळले जाण्याचे प्रमाण) ७० टक्के, तर अरुंद गाळणीची अनुक्रमे ९३ व ९७ टक्के दिलेली आहे. रुग्णाविषयीच्या तातडीच्या प्रश्नाला अरुंद गाळणी योग्य. पद्धतशीर आढाव्यासाठी, म्हणजे विषयावरील सर्व संशोधन एकत्र तपासण्यासाठी, विस्तृतच घ्यावी.

पडताळणी : विषयावरील तीन-चार ज्ञात लेख आधीच हाताशी ठेवून ते निकालात येतात का, हे पाहणे ही सर्वांत सोपी आणि सर्वांत प्रभावी कसोटी आहे. एखादा आला नाही, तर त्याच्या नोंदीवरील मेश शीर्षके व सारांशातील शब्द वाचून सूत्र दुरुस्त करावे. निवडलेला लेख मागे घेतला गेला आहे का, हेही तपासावे. शोधाची तारीख, प्रणाली आणि प्रत्येक ओळीची निकालसंख्या नोंदवावी. शोधाची नोंद कशी द्यावी हे सांगणाऱ्या २०२१ च्या प्रिझ्मा-एस मार्गदर्शिकेत याचा तपशील आहे.

इतर डेटाबेस : औषधांविषयीचे संशोधन व परिषदांतील सारांश एम्बेसमध्ये अधिक सापडतात. त्याचा शब्दसंग्रह एमट्री असल्याने मेशचे सूत्र तेथे जसेच्या तसे चालत नाही. अप्रकाशित चाचण्यांसाठी क्लिनिकलट्रायल्स डॉट गव्ह (२०००) व जागतिक आरोग्य संघटनेची नोंदणी-सूची पाहतात. लॅटिन अमेरिकेतील साहित्यासाठी लिलाक्स उपयुक्त आहे.