विचारांचा रवंथ

उदास वाटत असताना "मी अशी का", "माझ्याच वाट्याला हे का" हेच परत परत उगाळत बसायचं आणि त्यावर करायचं मात्र काहीच नाही, याला सायकॉलॉजीत रुमिनेशन म्हणतात. तो शब्द गाई-म्हशींच्या रवंथावरूनच आलाय, म्हणून मराठीत रवंथ एकदम चपखल बसतो. डिप्रेशनच्या अभ्यासात ही कल्पना रुजवली ती अमेरिकन संशोधक सुझन नोलन-होक्सेमा (१९५९–२०१३) यांनी. स्टॅनफर्ड, मिशिगन आणि येल या तीन विद्यापीठांत त्यांनी शिकवलं, गेल्या तेव्हा जेमतेम ५३ वर्षांच्या होत्या.

त्यांना छळणारा प्रश्न असा, की लहानपणी मुलगा-मुलगी यांच्या डिप्रेशनमध्ये फारसा फरक नसतो, मग तेरा-पंधराच्या आसपास असं काय होतं की मुलींचं प्रमाण वाढत जातं आणि मोठेपणी पुरुषांच्या जवळपास दुप्पट होतं? नुसतं हार्मोन्सवर ढकलून मोकळं होणं त्यांना पटलं नाही, आणि ते बरंच झालं. १९८७ च्या लेखात त्यांनी मांडलं की मन खट्टू झालं की बायका त्याच विचारात घोळत राहतात, पुरुष कशात तरी मन गुंतवतात. पुढे १९९४ मध्ये जोन गिर्गस यांच्यासोबत त्यांनी म्हटलं की मुलींमध्ये ही सवय वयात येण्याआधीपासूनच थोडी जास्त असते, आणि त्यावर शरीराची लाज, लैंगिक छळाची भीती, "मुलीने असंच वागायचं" ही बंधनं येऊन आदळतात.

१७ ऑक्टोबर १९८९ ला सॅन फ्रान्सिस्कोच्या परिसरात लोमा प्रिएटाचा भूकंप झाला. त्याच्या दोनच आठवडे आधी त्यांनी स्टॅनफर्डच्या विद्यार्थ्यांकडून मूडचे आणि सवयींचे फॉर्म भरून घेतले होते, असा योग परत येत नाही. भूकंपानंतर १० दिवसांनी आणि मग ७ आठवड्यांनी त्याच मुलांना परत विचारलं, तर ज्यांना आधीपासून रवंथाची सवय होती ते सात आठवड्यांनीही जास्त उदास होते, आधीची उदासी हिशोबात धरूनसुद्धा.

लॅबमधला प्रयोग तर अगदी साधा होता. फक्त आठ मिनिटं. एका गटाने "मला आत्ता कसं वाटतंय, मी असा का आहे" यावर विचार करायचा, दुसऱ्याने आकाशात ढग कसे जमतात, मोनालिसाच्या चेहऱ्यावर काय भाव आहेत अशा गोष्टींवर. आधीच उदास असलेल्यांचा मूड पहिल्या प्रकाराने आणखी खाली जायचा, दुसऱ्याने सुधारायचा, आणि जे उदास नव्हते त्यांना रवंथाने तसा काही फरक पडत नव्हता. म्हणजे घोळ विचार करण्यात नाही, उदास मनाने तेच ते चघळण्यात आहे.

नंतर २००३ मध्ये यातले दोन प्रकार वेगळे काढले गेले, एक कुढत बसणं आणि दुसरं शांतपणे स्वतःकडे बघून मार्ग शोधणं. जास्त घातक ठरलं ते कुढणं. ४९६ किशोरवयीन मुलींचा काही वर्षं पाठपुरावा केलेल्या अभ्यासात तर रवंथाने डिप्रेशन वाढतं आणि डिप्रेशनने रवंथ, असं चक्रच दिसलं, शिवाय खाण्याच्या तक्रारी आणि व्यसनाची लक्षणंही त्याला जोडलेली.

म्हणून पोरगी खोलीत गप्प बसून असेल तर "विचार करू नकोस" हे सांगून भागत नाही. इंग्लंडमध्ये एक्सेटरच्या एडवर्ड वॉटकिन्स यांनी खास रवंथावर बेतलेली थेरपी तयार केली, तिच्यात "का"च्या जागी "कसं" विचारायला शिकवतात: मैत्रीण माझ्याशी का बोलली नाही हे नको, ती नेमकं काय म्हणाली, त्यानंतर काय झालं, आता मी उद्या कशी सुरुवात करू.