कृतज्ञतेचा आचार (कोकण किनारा)

कृतज्ञता : ‘कृत’ म्हणजे केलेले आणि ‘ज्ञ’ म्हणजे जाणणारा. आपल्यासाठी कोणी काय केले हे ओळखणे आणि ते न विसरणे, एवढा या शब्दाचा अर्थ. करणारा माणूस असेल, देव असेल, जमीन किंवा दर्याही असेल. मानसशास्त्रात या भावनेचा आरोग्याच्या अंगाने अभ्यास होतो. कोकण किनाऱ्यावर मात्र ती पूर्वीपासून हातांनी आणि चारचौघांत करायची गोष्ट आहे. घरच्या माणसाला ‘आभारी आहे’ म्हटलेले इथे परकेपणाचे वाटते. तळकोकणात फार तर ‘देव बरे करो’ म्हणतात. त्यात आभार आणि आशीर्वाद दोन्ही आले.

भाताच्या लोंब्या पिकल्या की ‘नवे’ बांधतात. लोंब्या, नाचणी-वरीची कणसे, आंब्याचे पान, झेंडू आणि कुरडूची फुले यांची जुडी करून ती दाराच्या चौकटीला, देव्हाऱ्याला, अवजारांना बांधली जाते. दिवस गावागणिक बदलतो : कुठे गणपतीत, कुठे दसऱ्याला, तर कुठे आश्विन पौर्णिमेला, म्हणूनच तिला नव्याची पौर्णिमा हे नाव. नवा तांदूळ आधी देवाला दाखवायचा आणि मग घराने खायचा. कोळीवाड्यांत हेच नाते समुद्राशी आहे. राज्याच्या किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते. बंदी उठली तरी नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ दिल्याशिवाय होडी लोटायची नाही, असे मानणारे अनेक जण आहेत. त्या नारळात गेल्या हंगामाची जाणीव असते आणि ‘आता शांत हो’ ही विनवणीही.

या दोन्ही गोष्टी सर्वांत स्पष्ट ऐकू येतात त्या गाऱ्हाण्यात. प्रमाण मराठीत गाऱ्हाणे म्हणजे तक्रार. सिंधुदुर्गात ते देवापुढे उभे राहून गावाच्या वतीने केलेले बोलणे असते : चालत आलेली सेवा मान्य करून घे, चूकभूल पोटात घाल, लेकराबाळांना सांभाळ. प्रत्येक वाक्यावर जमलेले सगळे ‘व्हय म्हाराजा’ म्हणतात. एकट्याच्या मनातली भावना गावाच्या तोंडून बाहेर पडते, आणि गाऱ्हाण्याचे खरे बळ या होकारात आहे. आरवलीच्या वेतोबाला, म्हणजे तिथल्या ग्रामदेवाला, नवस फेडताना केळी आणि भल्या मोठ्या चपला वाहतात. रात्री गावाची राखण करणाऱ्याच्या वहाणा झिजतात, अशी त्यामागची श्रद्धा आहे. रोजच्या व्यवहारात हेच काम वानवळा करतो. झाडाचे पहिले आंबे, परसातले तवसे (काकडी) शेजारी जाते आणि शेजारणीचे भांडे कधी रिकामे परत जात नाही.

आरोग्याशी असलेला संबंध तपासणारे प्रयोग मात्र बहुतेक वहीतल्या, एकांतातल्या कृतज्ञतेचे आहेत. रॉबर्ट एमन्स आणि मायकेल मॅककलॉ यांनी २००३ साली प्रसिद्ध केलेल्या एका प्रयोगात विद्यार्थ्यांच्या एका गटाने १० आठवडे, आठवड्यातून एकदा, ज्यांबद्दल कृतज्ञ वाटते अशा पाचपर्यंत गोष्टी लिहिल्या. त्रासाच्या गोष्टी लिहिणाऱ्या गटापेक्षा त्यांना आयुष्य अधिक समाधानाचे वाटले, शारीरिक तक्रारी कमी जाणवल्या आणि त्यांचा व्यायामही जास्त झाला. स्नायू-मज्जातंतूंच्या आजाराच्या रुग्णांवर २१ दिवस केलेल्या प्रयोगात झोप सुधारलेली दिसली. झोपेचा धागा महत्त्वाचा आहे. २००९ मधील ४०१ जणांच्या ब्रिटिश पाहणीत कृतज्ञ वृत्तीच्या लोकांना झोप अधिक चांगली लागत होती, कारण अंथरुणावर पडल्यावर त्यांच्या मनात काळजीचे विचार कमी आणि बरे विचार जास्त येत. २०२४ साली ४९,२७५ वयस्क अमेरिकी परिचारिकांच्या अभ्यासात सर्वाधिक कृतज्ञता नोंदवणाऱ्या गटात मृत्यूची जोखीम सर्वांत कमी नोंदवणाऱ्या गटाच्या तुलनेत सुमारे ९ टक्क्यांनी कमी आढळली. अशा पाहणीतून कार्यकारणभाव सिद्ध होत नाही. प्रकृती बरी असली की कृतज्ञ राहणेही सोपे जाते.

परिणामाचा आकारही ओळखून असावे. २०२१ मध्ये २७ अभ्यासांच्या एकत्रित विश्लेषणात नैराश्य आणि चिंता यांवर अशा सरावाचा परिणाम लहानच दिसला. त्यामुळे नैराश्याच्या रुग्णाला औषध-उपचारांऐवजी वही देणे चूक आहे. ‘मिळाले त्यात समाधान मान’ हे वाक्य सुनेला, कुळाला किंवा खलाशाला गप्प बसवण्यासाठी वापरले, तर ती कृतज्ञता उरत नाही, दडपण होते. गाऱ्हाण्याची रीत मला याबाबत शहाणी वाटते : तिथे मिळालेले मान्य करताना दुखणेही मोठ्याने सांगायची मुभा आहे.

वरील प्रयोगांनी नवे किंवा वानवळा मोजलेला नाही, तरी काही जुळण्या लक्षात येतात. आठवड्यातून तीनदा लिहिणाऱ्यांपेक्षा एकदाच लिहिणाऱ्यांना अधिक लाभ झाल्याचे एका प्रयोगात दिसले. सवयीने भावना बोथट होते, असे त्याचे स्पष्टीकरण दिले जाते. सणाला नेमका दिवस असतो, वानवळ्याला ऋतू. २००५ च्या एका प्रयोगात ज्यांचे आभार मानायचे राहून गेले होते, त्यांना पत्र लिहून ते स्वतः नेऊन देणाऱ्यांचा आनंद लगेच वाढला आणि महिनाभर टिकला. गणपतीला मुंबईहून आलेला चाकरमानी वाडीतल्या प्रत्येक घरी जाऊन म्हाताऱ्यांच्या पाया पडतो, तेव्हा त्याच्या हातात पत्र नसते. पेढ्यांचा पुडा असतो.