प्लंबरमधला ‘ब’

नळ गळायला लागला की आपण प्लंबरला बोलावतो आणि त्या शब्दातला ‘ब’ स्पष्ट उच्चारतो. इंग्रज मात्र ‘प्लमर’ म्हणतात. बी फक्त स्पेलिंगमध्ये. मूळ लॅटिन शब्दात हा ‘ब’ चांगला खणखणीत होता. प्लुम्बुम म्हणजे शिसे. शिशाची रासायनिक संज्ञा ‘पीबी’ त्यावरूनच आली. जुन्या फ्रेंचमध्ये ‘ब’ गळला, इंग्रजीत शब्द तसाच शिरला आणि पुढे लॅटिनच्या ओढीने लिहिताना तो परत आला. आपण स्पेलिंग वाचून बोललो आणि नकळत रोमनांच्या जवळ गेलो!

गवंड्याच्या ओळंब्याचे ‘प्लंब लाइन’ हे इंग्रजी नावही याच शिशावरून पडले आहे. आपला ओळंबा मात्र ‘अवलंब’वरून, लोंबण्यावरून आला.

म्हणजे प्लंबर हा मुळात शिशाचा कारागीर. लंडनच्या प्लंबरांच्या संघाला १३६५ मध्ये नियमावली मिळाली, तेव्हा चर्चच्या छपरांवर शिशाचे पत्रे चढवणे हेही त्यांचेच काम होते. शिसे ३२७ अंश सेल्सिअसला, साध्या लाकडाच्या आगीवर वितळते. मऊ असल्याने सहज वाकते आणि लोखंडासारखे गंजत नाही. नळ करायला रोमन कारागीर ओतीव पत्रा लाकडी दांड्याभोवती वळवून त्याची शिवण जोडत.

खरे कसब सांध्यात होते. शुद्ध धातू एका ठरावीक तापमानाला वितळतो. पण प्लंबरच्या झाळातले, म्हणजे नळ जोडायच्या धातूतले, शिसे-कथिलाचे मिश्रण साधारण १८३ ते २५० अंशांच्या दरम्यान लापशीसारखे राहते. तेवढ्या वेळात चरबी लावलेल्या जाड कापडाने ते पुसत पुसत सांध्याला गुळगुळीत फुगीर आकार द्यायचा. उशीर झाला की ते थिजलेच.

शिशाचे काम करणाऱ्यांचे चेहरे फिकट पडतात, पाण्यासाठी मातीचेच नळ बरे, असे रोमन वास्तुविशारद व्हिट्रुव्हियसने दोन हजार वर्षांपूर्वी लिहून ठेवले होते. शरीर शिशाला कॅल्शियमसारखे वागवते, हाडांत साठवते. लहान मुलांच्या मेंदूला तर त्याची थोडी मात्राही घातक. तरी अमेरिकेत पिण्याच्या पाण्यासाठी शिशाच्या नव्या नळांवर बंदी यायला १९८६ उजाडले. जुने नळ जमिनीतच राहिले. २०१४ मध्ये मिशिगनमधल्या फ्लिंट शहराने खर्च वाचवायला नदीचे पाणी घेतले, पण नळ झिजू नयेत म्हणून घालायचे रसायन घातलेच नाही. नळांच्या आतला संरक्षक थर सुटला आणि शिसे घराघरांतल्या पाण्यात उतरले. मग रस्ते उकरून, घरोघरी शिशाच्या जागी तांब्याचे नळ बसवावे लागले.