आधी वस्ती की आधी धूर?

कारखान्याच्या धुरात राहणाऱ्यांनी तक्रार केली की एक प्रश्न हमखास येतो: मग तिथे राहायला गेलातच कशाला? अमेरिकेतल्या शहरांनी या प्रश्नाचे उत्तर फार पूर्वीच देऊन ठेवले आहे.

१९३०च्या दशकात तिथल्या सरकारी गृहकर्ज संस्थेने दोनशेहून अधिक शहरांचे नकाशे रंगवले. कर्ज देण्यास 'धोकादायक' तो भाग लाल. कृष्णवर्णीयांच्या वस्त्या जवळपास सरसकट लाल झाल्या. कर्ज मिळेना, घरांची डागडुजी होईना, जमिनीचे भाव पडले. आणि पडलेल्या भावाच्या जमिनीवर महामार्ग, डम्पिंग ग्राउंड, कारखाने आले. गोऱ्यांच्या उपनगरांत घर घ्यायचे दार बंदच होते. जायचे कुठे?

शिकागोत तर सरकारनेच माणसे विषाशेजारी वसवली. ऑल्टगेल्ड गार्डन्स ही वसाहत १९४५ मध्ये युद्धावरून परतलेल्या कृष्णवर्णीय सैनिकांसाठी उभी राहिली. त्या जमिनीत पूर्वी रेल्वेचे डबे बनवणाऱ्या पुलमन कंपनीचे मैलापाणी सोडले जाई. भोवती पोलाद कारखाने, कचऱ्याचे डोंगर, मैलाशुद्धीकरण केंद्र. तिथल्या हेझल जॉन्सन यांचे पती १९६९ मध्ये फुप्फुसाच्या कर्करोगाने गेले. या बाईंनी दारोदार फिरून शेजाऱ्यांचे आजार नोंदवले आणि १९७९ मध्ये रहिवाशांची संघटना उभारली. हाती पदवी नाही, पद नाही. तरी पुढे देशभर त्यांना पर्यावरणीय न्यायाची, म्हणजे प्रदूषणाचा भार ठरावीक वस्त्यांवरच टाकण्याविरुद्धच्या लढ्याची, जननी म्हटले गेले, आणि तो मान त्यांचाच होता.

ह्यूस्टनमध्ये नेमके उलट घडले. नॉर्थवुड मॅनर ही कृष्णवर्णीय घरमालकांची नीटनेटकी वस्ती आधीची, डम्पिंग ग्राउंड नंतरचे. १९७९ मध्ये रहिवासी न्यायालयात गेले. समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट बुलार्ड यांनी विद्यार्थ्यांना घेऊन जुनी दफ्तरे चाळली. शहरात कृष्णवर्णीय सुमारे २५ टक्के, पण महापालिकेची पाचही डम्पिंग ग्राउंड त्यांच्याच वस्त्यांत. कचरा जाळण्याच्या ८ भट्ट्यांपैकी ६ तिथेच. वातानुकूलन नसलेल्या शाळेजवळ कचरा टाकणे आपल्याला पटत नाही, असे न्यायाधीशांनी लिहिले, तरीही स्थगिती दिली नाही. भेदभाव हेतुपुरस्सर झाला, हे सिद्ध करण्याची जबाबदारी रहिवाशांची होती. माझ्या मते या सगळ्या इतिहासातली सर्वांत अन्यायकारक अट हीच. दफ्तरात हेतू कोण लिहून ठेवतो?

१९८२ मध्ये नॉर्थ कॅरोलायना राज्यातल्या बहुसंख्य कृष्णवर्णीय वॉरेन काउंटीत (जिल्ह्यात) विषारी माती पुरण्याविरुद्ध पाचशेहून अधिक लोकांनी अटक करवून घेतली आणि विषय देशापुढे आला. १९८७ मध्ये युनायटेड चर्च ऑफ क्राइस्ट या ख्रिस्ती पंथाच्या अहवालाने दाखवले, की घातक कचऱ्याची केंद्रे कुठे असतील हे उत्पन्नापेक्षाही वर्णावरून अधिक अचूक सांगता येते. १९९४ मध्ये अध्यक्ष क्लिंटन यांनी संघराज्याच्या सर्व खात्यांना या प्रश्नाची दखल घेण्याचा आदेश दिला. जानेवारी २०२५ मध्ये तो रद्द झाला.

शिकागोतला झगडा मात्र थांबला नव्हता. लिंकन पार्क या सधन, बहुसंख्य गोऱ्या भागातला भंगार चिरडण्याचा कारखाना शहराच्या आग्नेय टोकाला, लॅटिनो आणि कृष्णवर्णीय वस्तीत हलवायचे ठरले होते. २०२१ मध्ये रहिवाशांनी महिनाभर उपोषण केले. फेब्रुवारी २०२२ मध्ये शहराने परवाना नाकारला.