शालेय आरोग्य तपासणी (कोल्हापूर जिल्हा)

शाळकरी मुलांची ठरावीक काळाने होणारी वैद्यकीय तपासणी, सापडलेल्या दोषांवरचा उपचार आणि त्याचा पाठपुरावा या तिन्हींना मिळून हे नाव आहे. कागल, मुरगूड, गडहिंग्लज, कुरुंदवाड अशा छोट्या शहरांत मात्र लोकांच्या बोलण्यात ते एकाच दिवसाचे काम असते : ‘आज शाळेत डॉक्टर आल्यात.’ खरे तर या कामाचा कणा परिचारिका आहे.

भारतात शाळकरी मुलांची अशी तपासणी पहिल्यांदा 1909 मध्ये बडोद्यात झाली. करवीर संस्थानात राजर्षी शाहू महाराजांनी 1917 मध्ये प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत केले. सगळ्या थरांतली मुले शाळेच्या पटावर आल्याशिवाय तपासणीला अर्थ नसतो, म्हणून ती घटनाही या इतिहासातलीच मानायला हवी. तरीही 1946 मध्ये देशाच्या आरोग्यव्यवस्थेची पाहणी करणाऱ्या भोर समितीला देशात शालेय आरोग्यसेवा जवळजवळ नाहीच, असे आढळले. आजची रचना राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची आहे. तो फेब्रुवारी 2013 मध्ये पालघर येथून सुरू झाला. फिरत्या पथकात दोन वैद्यकीय अधिकारी, एक परिचारिका व एक औषधनिर्माता असतात. अंगणवाडी वर्षातून दोनदा आणि शासकीय व अनुदानित शाळा एकदा तपासायची, असा नियम आहे.

वजन-उंची घेताना सिस्टरांची नजर मुलाभर फिरत असते. खालची पापणी, जीभ आणि नखे फिकट (म्हणजे रक्त कमी) आहेत का, कान वाहतो का, दात किडलेत का, बोटांच्या बेचक्यांत खरूज आहे का, हे त्या पाहतात. दृष्टी तपासायला तक्त्यापासून सहा मीटर अंतर लागते. वर्ग अपुरा पडला की तक्ता व्हरांड्यात टांगतात. रांगेतली पोरे पुढच्याचे ऐकून अक्षरे पाठ करतात, म्हणून जाणत्या सिस्टर अक्षर मधूनच विचारतात. डोळा बोटांनी नव्हे, तळव्याने झाकायला लावतात. बोटांच्या फटीतून दिसते. मोठ्या मुलींची तपासणी आडोशाला होते. पाळीबद्दलची शंका मुलगी डॉक्टरांना सहसा विचारत नाही, सिस्टरांना विचारते.

पहिली ते पाचवीला लोहाची गुलाबी आणि सहावीपासून निळी गोळी आठवड्यातून एकदा देतात. ती जेवणानंतर घ्यायची, चहाबरोबर नाही. शी काळी होते हे आधीच सांगावे लागते, नाहीतर घाबरून घरचेच गोळी बंद करतात. जंतनाशक अल्बेंडाझोल वर्षातून दोनदा, तर धनुर्वात-घटसर्पाची टीडी लस दहाव्या व सोळाव्या वर्षी देतात.

दोष सापडला की चिठ्ठी मिळते. ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालय आणि गरज पडल्यास कोल्हापूरचे छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालय, म्हणजे सर्वांचे ‘सीपीआर’, असा पुढचा रस्ता असतो. ही सेवा मोफत आहे, पण बहुतेक वेळा गाडी इथेच अडते. चिठ्ठी दप्तरात राहते. सीपीआरला जायचे म्हणजे एक रोजगार बुडतो, एसटीचे भाडे लागते. मुलीला चष्मा लागला तर लग्नाचे कसे, ही काळजी आठवी-नववीपासूनच असते. ‘बघू की दिवाळी झाल्यावर’ हे उत्तर नकाराचेच असते. अशा घरी आरोग्यसेविका किंवा आशाताई दोन-तीन खेपा घालतात, आजीला पटवतात, कधी स्वतः बरोबर जातात. अहवालात तपासलेल्या मुलांचा आकडा ठळक असतो. माझ्या मते त्याआधी किती मुले रुग्णालयात पोचली हे विचारायला हवे.

गळीत हंगामात ऊसतोडीच्या टोळ्या येतात. कोपीवरची, म्हणजे तोडणी मजुरांच्या झोपडीतली मुले बहुधा कुठल्याच इथल्या पटावर नसतात, त्यामुळे पथक आले तरी ती फडावरच, म्हणजे उसाच्या शेतातच राहतात. गावाकडच्या शाळेत तपासणी झाली त्या दिवशी ती इकडे असतात. कारखाना बंद झाला की टोळी परत जाते. गावाकडच्या आरोग्य उपकेंद्रात इथले रजिस्टर नसते, म्हणून सिस्टर लस, गोळी आणि चिठ्ठीची नोंद कार्डावर लिहून आईच्या हातात देतात.