फ्रेडरिक गौलंड हॉपकिन्स

हॉपकिन्स, सर फ्रेडरिक गौलंड (२० जून १८६१ – १६ मे १९४७) : इंग्लिश जीवरसायनशास्त्रज्ञ आणि केंब्रिज विद्यापीठातील या विषयाचे पहिले प्राध्यापक. जीवनसत्त्वांच्या शोधासाठी त्यांना १९२९ चे वैद्यकाचे नोबेल पारितोषिक क्रिस्तियान आइकमान यांच्याबरोबर विभागून मिळाले. सर्वसाधारणपणे त्यांची ओळख या पारितोषिकापाशीच थांबते. पण जीवरसायनशास्त्र हा स्वतंत्र विषय म्हणून उभा करणे आणि तो पुढे नेणारी माणसे घडवणे, हे त्यांचे काम त्याहून मोठे आहे.

त्यांचा जन्म इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरील ईस्टबोर्न येथे झाला. लंडनमध्ये पुस्तकांचा व्यवसाय करणारे वडील हॉपकिन्स तान्हे असतानाच वारले. वडिलांचा सूक्ष्मदर्शक मुलाच्या हाती आला आणि समुद्रकाठचे जीव पाहण्याचा नाद लागला. शाळेत मन रमले नाही, पण सतराव्या वर्षी एका बीटल किड्याने सोडलेल्या जांभळट वाफेवरचे त्यांचे टिपण कीटकशास्त्राच्या नियतकालिकात छापून आले. काकांनी त्यांना विमा कंपनीच्या कचेरीत चिकटवले. ते सहा महिन्यांत सुटले. त्यानंतर रासायनिक विश्लेषकाकडे उमेदवारी आणि मग गाइज रुग्णालयातील विषतज्ज्ञ सर टॉमस स्टीव्हन्सन यांचे साहाय्यक, असा प्रवास झाला. स्टीव्हन्सन सरकारचे विश्लेषक असल्याने विषप्रयोगाच्या खटल्यांतील नमुने त्यांच्याकडे येत. चुकीच्या विश्लेषणाने एखाद्याचा जीव जाऊ शकतो अशा ठिकाणी हॉपकिन्स काम शिकले. मोजमापातील त्यांची काटेकोर शिस्त इथलीच असावी.

वैद्यकीय शिक्षणासाठी १८८८ मध्ये त्यांनी गाइजमध्येच प्रवेश घेतला आणि तिशी ओलांडल्यावर, १८९४ मध्ये, ते डॉक्टर झाले. दरम्यान मूत्रातील युरिक अम्ल मोजण्याची त्यांनी बसवलेली पद्धत डॉक्टरांमध्ये रूढ झाली होती. फुलपाखरांच्या पंखांतील पांढऱ्या-पिवळ्या रंगद्रव्यांचाही त्यांनी अभ्यास केला. ही द्रव्ये युरिक अम्लाच्या जातीची असावीत हा त्यांचा तर्क पुढे चुकीचा ठरला. ती टेरिन या निराळ्या वर्गातली निघाली. आयुष्याच्या अखेरीस, ऐंशी वर्षांचे असताना, ते पुन्हा याच टेरिनांकडे वळले.

शरीरक्रियाविज्ञानाचे केंब्रिजमधील प्राध्यापक मायकेल फॉस्टर यांनी १८९८ मध्ये त्यांना बोलावून घेतले. शरीरक्रियाविज्ञानाची रासायनिक बाजू शिकवायची, पगार वर्षाला २०० पौंड. एवढ्यात घर चालेना, म्हणून इमॅन्युएल कॉलेजात विद्यार्थ्यांच्या शिकवण्या आणि देखरेखीचे कामही करावे लागे.

त्यांचा पहिला मोठा शोध शिकवण्यातूनच निघाला. प्रथिने ओळखण्यासाठी त्या काळी ॲडमकिएविच परीक्षा वापरत. प्रथिनाच्या द्रावणात ॲसिटिक अम्ल घालायचे, वर तीव्र गंधकाम्ल सोडायचे आणि जांभळा रंग येतो का ते पाहायचे. प्रात्यक्षिकाच्या वर्गात एकदा हा रंग येईना. असे झाले की शिक्षक सहसा नवी बाटली मागवतो. हॉपकिन्सनी रंग न येण्याचे कारण शोधायला घेतले. सिडनी कोल यांच्यासह केलेल्या तपासात आढळले, की रंग ॲसिटिक अम्लामुळे येतच नाही. त्यात अशुद्धी म्हणून असलेल्या ग्लायऑक्सिलिक अम्लामुळे येतो. वर्गातले अम्ल जास्त शुद्ध होते, म्हणून परीक्षा फसली होती. मग पुढचा प्रश्न आला : प्रथिनातला कोणता घटक हा रंग देतो? स्वादुपिंडाच्या रसाने पचवलेल्या केसीन या दुधातील प्रथिनामधून १९०१ मध्ये त्यांनी तो वेगळा काढला. तो ट्रिप्टोफॅन हे ॲमिनो अम्ल, म्हणजे प्रथिने ज्यांची बनतात त्या घटकांपैकी एक, होय.

ट्रिप्टोफॅनचा खरा अर्थ काही वर्षांनी उलगडला. मक्यातील झेइन या प्रथिनात ट्रिप्टोफॅन नसते. एडिथ विलकॉक यांच्यासह हॉपकिन्सनी उंदरांना प्रथिन म्हणून केवळ झेइन दिले, तेव्हा ते तगले नाहीत. ट्रिप्टोफॅनची भर घातल्यावर जास्त दिवस जगले. अन्नात प्रथिन किती यापेक्षा ते कशाचे बनले आहे हे महत्त्वाचे, ही आहारशास्त्राची आजची भूमिका इथून सुरू होते.

यानंतरचे प्रयोग जास्त गाजले. प्रथिने, कर्बोदके, चरबी, क्षार आणि पाणी एवढे मिळाले की आहार पुरा झाला, असा तेव्हाचा समज होता. हॉपकिन्सनी हे सगळे घटक शुद्ध करून वाढत्या वयाच्या उंदरांना दिले. आठ-आठ उंदरांचे दोन गट केले. एका गटाला केवळ हे कृत्रिम अन्न, दुसऱ्याला त्याखेरीज रोज ३ घन सेंटिमीटर दूध. दुधाविना गटाची वाढ खुंटली, दूध मिळालेल्यांची झपाट्याने झाली. अठराव्या दिवशी दुधाची अदलाबदल केली आणि वजनाच्या दोन्ही रेषा एकमेकींना छेदून उलट दिशेने गेल्या. उंदीर नीट खात नसल्याने वाढत नाहीत, हा आक्षेप येणार हे ओळखून त्यांनी खाल्लेले अन्न मोजले होते. खाणे कमी होण्याआधीच वाढ थांबत होती. इतक्या थोड्या दुधातून मिळणारी ऊर्जा नगण्य. म्हणजे दुधात अत्यल्प प्रमाणात लागणारे दुसरेच काहीतरी होते. अशा द्रव्यांना त्यांनी ‘साहाय्यक आहारघटक’ म्हटले. हा निबंध १९१२ मध्ये प्रसिद्ध झाला. त्याच वर्षी काझिमिर फुंक यांनी ‘व्हिटॅमिन’ हा शब्द घडवला आणि तोच टिकला.

श्रेय कोणाचे यावर पुढे बराच वाद झाला. कोंबड्यांना सडीचे, म्हणजे पांढरे केलेले तांदूळ दिले की मज्जातंतू दुबळे करणाऱ्या बेरीबेरी रोगासारखा आजार होतो, हे आइकमान यांनी जावा बेटावर आधीच दाखवले होते. दुधातील अज्ञात द्रव्याची चाहूल लुनिन आणि पेकेलहारिंग या संशोधकांनाही लागली होती. नोबेल व्याख्यानाचा विषय म्हणून हॉपकिन्सनी जीवनसत्त्वांचा पूर्वेतिहासच निवडला आणि या पूर्वसूरींची दखल घेतली. हा मोठेपणा नोंदवण्याजोगा आहे.

स्नायूंवरचे त्यांचे काम त्या मानाने कमी माहीत आहे. थकलेल्या स्नायूत लॅक्टिक अम्ल किती असते यावर संशोधकांचे एकमत नव्हते, कारण स्नायू कापताना आणि हाताळतानाच अम्ल तयार होई. वॉल्टर फ्लेचर आणि हॉपकिन्स यांनी बेडकाचे स्नायू थेट बर्फासारख्या थंड अल्कोहोलात टाकून ही क्रिया जागच्या जागी थांबवली. प्राणवायू न मिळता स्नायू आकुंचन पावला की अम्ल साठते आणि प्राणवायू मिळाला की नाहीसे होते, हे १९०७ मध्ये त्यातून सिद्ध झाले. पेशी म्हणजे गूढ ‘जीवद्रव्याचा’ गोळा नसून साध्या, ओळखता येण्याजोग्या रेणूंच्या ठरावीक क्रमाने चालणाऱ्या विक्रिया आहेत, हे ते १९१३ पासून जाहीरपणे मांडत होते.

शिकवण्याचा आणि संशोधनाचा दुहेरी भार सोसेना आणि १९१० मध्ये त्यांची प्रकृती ढासळली. तेव्हा ट्रिनिटी कॉलेजने त्यांना शिकवण्यांतून मोकळे करणारे पद दिले. जीवरसायनशास्त्राचे अध्यासन १९१४ मध्ये मिळाले, पण चांगली इमारत मिळायला १९२४ उजाडले. ती सर विल्यम डन यांच्या मृत्युपत्रातील देणगीतून उभी राहिली.

या इमारतीत जमलेली मंडळी पाहिली की हॉपकिन्स शिक्षक म्हणून कसे होते ते कळते. एंझाइमांवर, म्हणजे पेशीतील विक्रिया घडवणाऱ्या प्रथिनांवर, हॉल्डेन, जीवाणूंच्या रसायनावर मार्जरी स्टीव्हन्सन, गर्भाच्या रसायनावर जोसेफ नीडहॅम, स्नायूंवर डोरोथी नीडहॅम. प्रत्येकाचा विषय वेगळा. प्रमुखाच्या विषयाला जुंपलेले असे कोणी नव्हते. केंब्रिज स्त्रियांना १९४८ पर्यंत पूर्ण पदवी देत नव्हते, त्या काळात त्यांच्या विभागात स्त्रिया मोठ्या संख्येने संशोधन करत. त्यांपैकी मार्जरी स्टीव्हन्सन १९४५ मध्ये रॉयल सोसायटीच्या पहिल्या दोन स्त्री सदस्यांपैकी एक झाल्या. हंगेरीच्या सेंट-ग्यॉर्ग्यी यांनी याच विभागात काम करताना ‘हेक्झुरोनिक अम्ल’ मिळवले. तेच क जीवनसत्त्व ठरले. नाझींनी फ्रायबुर्गमधून काढलेल्या जीवरसायनशास्त्रज्ञ हान्स क्रेब्ज यांना १९३३ मध्ये हॉपकिन्सनी जागा दिली. पेनिसिलिनवर पुढे काम करणाऱ्या एर्न्स्ट चेन यांचे नाव ऑक्सफर्डचे विकृतिशास्त्रज्ञ फ्लोरी यांना सुचवणारेही तेच.

महाराष्ट्राशी त्यांच्या विभागाचा थेट धागा म्हणजे कमला सोहोनी, तेव्हाच्या कमला भागवत, दुर्गा भागवतांच्या भगिनी. केंब्रिजला गेल्यावर त्यांनी या विभागात काम केले, वनस्पतींच्या ऊतींत सायटोक्रोम-सी हे पेशीच्या श्वसनात भाग घेणारे प्रथिन असल्याचे दाखवले आणि १९३९ मध्ये पीएच.डी. मिळवली. पुढे मुंबईच्या विज्ञान संस्थेत त्यांनी नीरेच्या पोषणमूल्यावर संशोधन केले.

हॉपकिन्स स्वतः प्रयोगशाळेत काम करतच राहिले. त्यांनी १९२१ मध्ये ग्लुटाथायोन हे पेशींतील द्रव्य वेगळे काढून ते दोन ॲमिनो अम्लांचे असल्याचे सांगितले. इतरांनी शंका घेतल्यावर पदार्थ स्फटिकरूपात मिळवून त्यांनी पुन्हा तपासला आणि त्यात तिसरे, ग्लायसीन, असल्याचे १९२९ मध्ये स्वतःच प्रसिद्ध केले. त्यांना १९२५ मध्ये ‘सर’ हा किताब, १९२६ मध्ये रॉयल सोसायटीचे कॉप्ली पदक आणि १९३५ मध्ये ऑर्डर ऑफ मेरिट हा सन्मान मिळाला. १९३० ते १९३५ या काळात ते रॉयल सोसायटीचे अध्यक्ष होते. पुरातत्त्वज्ञ जॅकेटा हॉक्स या त्यांच्या कन्या. हॉपकिन्स १९४३ मध्ये अध्यासनावरून निवृत्त झाले आणि केंब्रिज येथेच त्यांचे निधन झाले.