ओटीटी, चोरटी लिंक आणि तुमच्या घरचा राउटर

(आमच्या केबल व ब्रॉडबँड ग्राहकांसाठी)

बिल भरायला आलेली मंडळी हल्ली काउंटरवर हमखास विचारतात, “बाजारात एक बॉक्स मिळतो, त्यात सगळे ओटीटी फुकट दिसतात म्हणे. तुम्ही का ठेवत नाही?” प्रत्येकाला उभ्याउभ्या सांगणं होत नाही, म्हणून हा कागद.

दहा-बारा वर्षांपूर्वी नवा सिनेमा बघायचा म्हणजे मोबाइलच्या दुकानात जाऊन मेमरी कार्ड भरून आणायचं, हे आपण सगळ्यांनीच केलंय. ते बंद पडलं ते काही धाडींमुळे नाही. २०१५ मध्ये हॉटस्टार आलं, २०१६ मध्ये नेटफ्लिक्स आणि प्राइम व्हिडिओ. त्याच वर्षी सप्टेंबरात जिओ आलं आणि डेटा पाण्यासारखा स्वस्त झाला. घरबसल्या स्वच्छ चित्र दिसायला लागलं, अर्धवट राहिलेला सिनेमा दुसऱ्या दिवशी तिथूनच पुढे. कार्ड भरायला जायचा लोकांनाच कंटाळा आला. भावाचंही तेच. महिन्याला ५०० रुपयांपासून सुरू झालेल्या नेटफ्लिक्सला डिसेंबर २०२१ मध्ये बेसिक प्लॅन ४९९ वरून १९९ वर आणावा लागला.

तरी चोरी संपली नाही. ईवाय ही सल्लागार कंपनी आणि आयएएमएआय ही इंटरनेट कंपन्यांची संघटना यांच्या २०२४ च्या अहवालानुसार देशातले ५१ टक्के प्रेक्षक-श्रोते चोरीचा माल बघतात-ऐकतात, आणि २०२३ मध्ये हा बाजार २२,४०० कोटींचा होता. त्यातले ८,७०० कोटी ओटीटीवरच्या मालाचे. लोकांनी कारणं दिली ती अशी: वर्गणी परवडत नाही, हवं ते सापडत नाही, इतक्या वर्गण्या सांभाळायचा वैताग येतो. हे तिसरं आम्हाला रोज ऐकू येतं. क्रिकेट एका अ‍ॅपवर, मालिका दुसऱ्यावर, पोरांची कार्टून तिसऱ्यावर. पूर्वी केबलच्या एका बिलात सगळं घर भागायचं! त्यात हिंदी सिनेमा थिएटरनंतर साधारण आठ आठवड्यांनी ओटीटीवर येतो. मराठी सिनेमा कधी येईल, कुठे येईल, येईल की नाही, काही नेम नाही. मधल्या दिवसांत टेलिग्रामवर लिंक फिरते. त्याच अहवालात, असं बघणाऱ्यांतले ६४ टक्के लोक म्हणतात की जाहिराती चालतील, पण फुकट मिळालं तर आम्ही सरळ मार्गाने बघू.

आता त्या बॉक्सविषयी. मागच्या पावसाळ्यात एका घरून तक्रार आली, रात्री नेट रांगतं. आमचा दुरुस्तीचा मुलगा तीनदा गेला. वायर बदलली, राउटर बदलला, फरक शून्य. चौथ्या खेपेला त्याने राउटरमध्ये डोकावून पाहिलं: टीव्ही बंद, तरी बॉक्समधून अपलोड धो धो चालू. बॉक्सची पिन काढली आणि नेट सुतासारखं सरळ. पेट्रोल गेलं ते आमचं. जून २०२५ मध्ये अमेरिकेच्या एफबीआय या तपास यंत्रणेने ‘बॅडबॉक्स २.०’ नावाने याच प्रकाराचा इशारा दिला होता. स्वस्तातल्या टीव्ही बॉक्समध्ये आधीच, किंवा अ‍ॅप टाकताना, मालवेअर, म्हणजे घातक सॉफ्टवेअर, शिरतं आणि तुमच्या कनेक्शनवरून भलताच माणूस उद्योग करतो. आयपी पत्ता, म्हणजे इंटरनेटवरची कनेक्शनची ओळख, मात्र तुमचा. पोलिसांनी रीतसर विचारलं तर आम्हाला तुमचंच नाव द्यावं लागतं. व्हॉट्सअ‍ॅपवर येणाऱ्या ‘फ्री मूव्ही’च्या एपीके (अ‍ॅप टाकायच्या) फाइलपासूनही लांब राहा, ती एसएमएस वाचायची परवानगी मागते, म्हणजे ओटीपी गेला.

“अमुक साइट तुम्ही का बंद केली?” म्हणून आमच्या मुलांवर चिडू नका. दिल्ली उच्च न्यायालयाने २०१९ मध्ये असा आदेश दिला की चोरट्या साइटने नाव बदललं तर नवा पत्ताही त्याच आदेशात जोडता येतो. दूरसंचार विभागाचं पत्र आलं की आम्हाला ती साइट अडवावीच लागते. आठवड्याने तेच दुकान नव्या पाटीखाली उघडतं, तेही आम्हाला दिसतं.

पैसे वाचवायचे तर सगळी अ‍ॅप बारा महिने चालू ठेवू नका. या महिन्यात एक घ्या, बघून संपवा, ऑटो-पे बंद करा, पुढच्या महिन्यात दुसरं. फुकटही बरंच आहे: प्रसार भारतीचं ‘वेव्हज’ हे ओटीटी अ‍ॅप २०२४ च्या नोव्हेंबरात गोव्यातल्या इफ्फी चित्रपट महोत्सवात सुरू झालं, त्यावर दूरदर्शनचं जुनं भांडार आहे. आमचा एकत्र ओटीटी पॅक घेण्याआधी त्यातली किती अ‍ॅप तुम्ही खरंच उघडता ते मोजा. दोनच असतील तर ती थेट घ्या, आम्हाला राग नाही.

तसला बॉक्स घरात असेलच तर ऑफिसात घेऊन या, बघून सांगू, पैसे लागणार नाहीत. फक्त मॅचच्या दिवशी संध्याकाळी सातनंतर येऊ नका, तेव्हा सगळी मुलं तक्रारींच्या फोनवर असतात.